पानशेतचा पूर शोधायचाय आणि समोर रिसॉर्ट येतंय

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईची पंचाहत्तरी आहे. पानशेत धरण फुटलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, राहायला पुण्यात नारायण पेठेत. तिला दाखवायला त्या पुराचं खरं चित्रीकरण यूट्यूबवर शोधतोय. पहिले तीन-चार व्हिडिओ विषयाला धरून येतात. त्याखाली पानशेतचे रिसॉर्ट, बोटिंग, सांगली-कोल्हापूरचा पूर, आणि काल मी पाहिलेल्या क्रिकेटच्या क्लिपा. एवढी मोठी कंपनी, आणि साधी एक गोष्ट शोधून देता येत नाही? काही युक्ती आहे का?

युक्त्या आहेत, सांगतो. पण आधी तुमचा राग योग्य जागी वळवू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

माहितीपटवाल्यांना जुनं चित्रीकरण शोधून देणं हा माझा वीसेक वर्षांचा धंदा. दिवसातले चार-पाच तास शोधपट्टीसमोर जातात. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: या साइटला 'नाही' म्हणता येत नाही. आपल्या पेठेतला दुकानदार बघा. तुम्ही वस्तूचं नाव पूर्ण उच्चारायच्या आत तो 'नाही' म्हणून मोकळा होतो. आपण त्याला नावं ठेवतो, पण त्या 'नाही'त कामाची माहिती असते. इथे वेळ घालवू नका, पुढचं दुकान बघा. व्हिडिओची साइट म्हणजे लग्नसराईतला साडीवाला. तुम्ही इरकल मागितली, त्याच्याकडे दोनच आहेत. त्या दाखवून झाल्या की तो न विचारता पैठणी उलगडतो, मग सिल्क, मग ड्रेस मटेरियल, मधेच पोऱ्याला चहा आणायला पिटाळतो. तुम्ही गादीवरून उठू नये एवढंच त्याला हवं असतं. तुम्हाला आलेले पहिले तीन-चार व्हिडिओ म्हणजे त्या दोन इरकली. तुम्ही टाकलेल्या शब्दांना त्याच्याकडे तेवढाच माल होता. बाकी सगळं तुम्हाला बसवून ठेवण्यासाठी.

हे नुसतं वैतागून म्हणत नाही. २०१२ साली यूट्यूबने क्रमवारीचा निकष बदलला. किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला जास्त वजन आलं. हेतू वाईट नव्हता. भडक चित्र लावून क्लिक ओढणाऱ्यांचा तेव्हा सुळसुळाट झाला होता. आजही शोधाच्या निकालांबद्दल कंपनी स्वतः तीन गोष्टी सांगते: शब्द किती जुळतात, त्या शोधातून आलेल्या लोकांनी तो व्हिडिओ किती पाहिला, आणि त्या विषयात तो चॅनेल किती भरवशाचा. शिवाय तुमचा स्वतःचा पाहण्याचा इतिहास. आता १९६१ मधली काळी-पांढरी, दीड मिनिटाची फिल्म घ्या, आणि तिच्याशेजारी ड्रोनवरून काढलेला पानशेतचा जलाशय ठेवा, वीस मिनिटांचा, पाऊस, धबधबा, गाणं, शेवटी पिठलं-भाकरी. लोक काय शेवटपर्यंत बघणार? जुनी फिल्म पहिल्या कसोटीत पास होते आणि दुसरीत आपटते.

क्रिकेटचं कोडं वेगळं आहे. निकालांच्या मधे 'लोकांनी हेही पाहिलं', 'तुमच्यासाठी', शॉर्ट्सची रांग अशा ज्या आडव्या पट्ट्या येतात, त्या मुळात तुमच्या शोधाचं उत्तर नसतातच. तुम्ही फोनवरच्या ॲपमध्ये, स्वतःच्या खात्यातून शोधत असणार. ते सोडा. संगणकावर बसा, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, खात्यात न शिरता शोधा. निम्मा कचरा तिथेच जातो. एखादा निकाल धरून 'हा चॅनेल सुचवू नका' वगैरे दाबत बसू नका. ते शिफारशींसाठी आहे, शोधात तो चॅनेल पुन्हा उगवतोच.

आता मुद्द्याची गोष्ट. शोधताना आपण आपले शब्द टाकतो. पण यंत्राच्या हातात मुख्यतः असतं ते व्हिडिओ टाकणाऱ्याने लिहिलेलं शीर्षक, त्याखालचं वर्णन, आणि बोलणं असेल तर त्याचा मजकूर. तेव्हा प्रश्न 'मला काय हवंय' हा नाही. ज्याच्याकडे ही फिल्म आहे त्याने डब्यावर काय लिहिलं असेल, हा आहे. आमच्या धंद्यातली सगळी हुशारी या एका अंदाजात असते.

डबा कुणाकडे असेल त्याचा आधी विचार करा. १२ जुलै १९६१. दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे पुण्यात टीव्हीचा कॅमेरा नव्हताच. घरगुती कॅमेरा हातावर मोजण्याइतक्यांकडे. राहिले वृत्तचित्रवाले: सिनेमाआधी थिएटरात जे दाखवलं जायचं ते. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजन, १९४८ पासून. बाहेरून पाथे, मूव्हीटोन, परदेशी वृत्तसंस्था. ही माणसं 'पानशेतचा पूर' असं लिहीत नाहीत. फिल्म्स डिव्हिजनचा कारकून इंग्रजीत लिहिणार, आणि लंडनमधला कॅटलॉगवाला तर 'पूना' लिहिणार, पी, डबल ओ, एन, ए असं. शहराचं इंग्रजी नाव आजच्यासारखं पी-यू-एन-ई व्हायला अजून सतरा वर्षं होती. 'फ्लड' लिहील, 'डॅम बर्स्ट' लिहील, 'इंडिया' लिहील; पानशेत हे नाव त्याने कधी ऐकलेलंही नसेल. तुम्ही आजचं स्पेलिंग टाकून शोधत असाल तर त्या डब्याच्या शेजारून निघून जाताय. खडकवासला धरणासाठी 'व'चं रोमन अक्षरही दोन्ही तऱ्हांनी टाकून बघा, डब्ल्यू आणि व्ही.

आणखी एक. पानशेत सकाळी फुटलं, त्याच दिवशी खडकवासल्याची भिंतही गेली, पाणी शहरात शिरलं. भिंत फुटताना तिथे कोण कॅमेरा लावून बसणार होतं? वृत्तचित्रवाला पोचला असेल तोवर उरला असणार चिखल, पडलेले वाडे, रांगा, लष्कराचे जवान. म्हणून 'रिलीफ', 'आर्मी', 'आफ्टरमाथ' हे शब्दसुद्धा रोमनमध्ये टाकून पाहा. जो व्हिडिओ 'धरण फुटतानाचा ओरिजिनल व्हिडिओ' अशी दवंडी पिटतो तो डोळे झाकून सोडा. आणि वृत्तचित्र हे दहाएक मिनिटांचं असायचं, त्यात पाच-सहा बातम्या. तुमचा पूर त्यातला एक मिनिटभर, कदाचित तिसऱ्या नंबरवर, आणि शीर्षक असेल पहिल्या बातमीचं, कुठल्या तरी पाहुण्या पंतप्रधानांच्या स्वागताचं. म्हणून घटनेबरोबर काळही शोधा: इंडिया, न्यूजरील, जुलै १९६१, ऑगस्ट १९६१. संगणकावर व्हिडिओखालच्या वर्णनात 'ट्रान्सक्रिप्ट' उघडता आली तर त्या मजकुरात कंट्रोल-एफ करून 'पूना' शोधा. दहा मिनिटं बघत बसायची गरज नाही.

मराठीत शोधणाऱ्याचं दुखणं आणखी निराळं. हिंदीत 'पानशेत की बाढ़' म्हटलं की तीन सुटे शब्द. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि शब्दाचं अंगही बदलतो. पूर, पुराचा, पुरात. दीर्घ ऊ ऱ्हस्व झाला, शेपटी लागली, आणि यंत्राच्या लेखी ते तीन वेगळे प्राणी होऊ शकतात. त्यात लिपी एकच असल्याने हिंदी निकाल मराठीत घुसतात. तेव्हा वाक्य लिहू नका. 'पानशेतच्या पुराचे जुने व्हिडिओ दाखवा' असं लिहून काही उपयोग नाही. नुसती नामं ठेवा: पानशेत पूर १९६१. मग पानशेत धरण फुटले. मग पानशेत प्रलय, कारण वर्तमानपत्री भाषेला प्रलय फार आवडतो. तानाजीसागर हे धरणाचं दुसरं नावही एकदा टाकून बघा. आकडे देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही.

एक गंमत दाखवतो, तुमच्या शोधात थेट लागेल न लागेल. 'ॲकॅडमी' हा शब्द दोन संगणकांवर टाइप करा. एकावर पहिलं अक्षर हे एकसंध ॲ असेल; दुसऱ्यावर आधी अ आणि वर वेगळी चंद्राची मात्रा चढवलेली असेल. डोळ्यांना फरक दिसत नाही, आत दोन निराळे संकेत. एकसंध ॲ युनिकोडमध्ये आलाच २००८ साली. त्याआधीचे कीबोर्ड आणि त्या सवयीची माणसं अजून जुन्या पद्धतीने लिहितात. 'म्हाताऱ्या'मधल्या अर्ध्या ऱ चंही तेच. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि काही ठिकाणी साध्या र चा रफार होऊन बसतो. आचाऱ्यांना बोलवायचं ते आचार्यांना आमंत्रण जातं. कधी शोध अगदीच रिकामा वाटला तर असा शब्द टाळून दुसरा घ्या. मी खडकवासल्याची 'ॲकॅडमी' सोडून 'प्रबोधिनी' शोधतो.

आता तारखेची युक्ती, तुम्हाला सगळ्यात जास्त हीच लागेल. शोधशब्दांनंतर एक जागा सोडून रोमन लिपीत 'बिफोर' लिहा, त्याला चिकटून अपूर्णविराम, त्याला चिकटून २०१६, इंग्रजी आकड्यांत. इथली तारीख म्हणजे व्हिडिओ चढवल्याची, चित्रीकरणाची नाही. १९६१ टाकलंत तर काहीच मिळणार नाही. यूट्यूबच २००५ चं आहे. मी २०१६ का म्हणतो? ब्रिटिश पाथेने आपल्या पंच्याऐंशी हजार फिल्मा यूट्यूबवर टाकल्या २०१४ मध्ये. असोसिएटेड प्रेस (एपी) ही वृत्तसंस्था आणि ब्रिटिश मूव्हीटोन यांनी मिळून साडेपाच लाखांवर चित्रफिती टाकल्या २०१५ मध्ये. आणि आपल्याकडे जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. डेटा स्वस्त झाला आणि जो उठला तो फोन घेऊन पानशेतला गेला. २०१६ ची रेघ मारलीत की जुने खजिने अलीकडे राहतात आणि बोटिंगवाले पलीकडे. रेघ अगदी काटेकोर नसते, एखादा चुकार निकाल येतो, पण एका झटक्यात पान स्वच्छ झालेलं दिसेल. रेघ मारून झाली की तोच शोध रेघेशिवाय पुन्हा करा, कारण सरकारी संग्रहांनी बरंचसं त्यानंतरही चढवलंय.

नेमके शब्द मागायची अवतरणचिन्हं आणि नको तो शब्द वगळायचं उणे चिन्ह यांवर फार विसंबू नका. 'रिसॉर्ट' आणि 'व्लॉग' यांच्याआधी उणे चिन्ह लावून बघायला हरकत नाही. कधी चालतं, कधी साइट कानाडोळा करते. काटेकोरपणा हवा असेल तर यूट्यूबच्या बाहेर या आणि गूगलच्या शोधपट्टीत रोमनमध्ये 'साइट', अपूर्णविराम, यूट्यूब डॉट कॉम असं लिहून पुढे शब्द टाका. तिथे अवतरणचिन्हांना जास्त मान आहे. आश्चर्य म्हणजे घर एकाच मालकाचं, पण पुढच्या दारापेक्षा मागचं दार नीट उघडतं.

त्याहून भारी दार म्हणजे चॅनेलच्या आतला शोध. हे फार कमी लोकांना माहीत असतं. पाथेच्या किंवा एपीच्या, किंवा फिल्म्स डिव्हिजनच्या चॅनेलवर जा. वर 'व्हिडिओ', 'प्लेलिस्ट' अशा नावांच्या ओळीत शेवटी एक भिंग असतं. त्यात 'पूना' लिहा. आता साडीवाल्याला दुसऱ्या गठ्ठ्याला हात लावता येत नाही. आहे ते त्या एकाच कपाटातलं. मी नव्या विषयावर काम सुरू करताना आधी कपाटं ठरवतो, मग शब्द. सगळ्या साइटवर मोकळा शोध टाकणं हे माझ्यासाठी शेवटचं काम. फिल्टरमध्ये लांबीचा पर्याय दिसेल. मोठ्या लांबीच्या मोहात पडू नका. खरं चित्रीकरण बहुधा सगळ्यात आखूड गटात असतं, आणि तासाभराचा 'संपूर्ण इतिहास' म्हणजे बहुतेकदा वीस फोटो, त्यावर झूम आणि यंत्राचा आवाज.

समजा सापडलं. आता थांबा, आईला लगेच दाखवू नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडून एक घोटाळा झालाय, तो सांगतो. पुण्यावरच्या एका कामासाठी मला पुराची वीस सेकंदं हवी होती. एका चॅनेलवर मिळाली: काळी-पांढरी, वर ओरखडे, शीर्षकात पानशेत आणि १९६१. डेडलाइन डोक्यावर. मी ती कापून एडिटला पाठवली. दुसऱ्या दिवशी एडिटरचा फोन: 'दादा, उजव्या कोपऱ्यात थांबवून बघा.' बघितलं. गुडघाभर पाण्यात अर्धी बुडालेली गाडी, तिरकी. मारुती आठशे. पहिली मारुती रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये! कुणीतरी कुठल्या तरी नंतरच्या पुराचा रंग काढून, वर ओरखड्यांचा थर चढवून पानशेत म्हणून विकलं होतं, आणि मी, वीस वर्षं हेच करणारा, रंग नाही म्हणून जुनं समजून बसलो.

तेव्हापासून मी आवाज बंद करून, एकेक फ्रेम थांबवत बघतो. गाड्या बघतो: १९६१ च्या रस्त्यावर अँबेसेडर, फियाट, लँडमास्टर, टांगे आणि पुण्यात अर्थातच सायकली. दुकानाच्या पाट्या बघतो, विजेचे खांब, बायकांची नऊवारी-पाचवारी, टोप्या. खालच्या कडेला धावते आकडे किंवा संग्रहाचं पुसट नाव असेल तर चांगली खूण, म्हणजे तो तुकडा कुठल्या तरी कपाटातून आलाय. ते नाव घेऊन मूळ कपाटात जा. तिथे क्रमांक, तारीख आणि दृश्यागणिक वर्णन असतं. यूट्यूबवरची नक्कल तीस ठिकाणी असेल, वर्णन एकाच ठिकाणी. तुकड्यातली एखादी फ्रेम कापून गूगलच्या चित्रशोधात टाकली तर तीच फ्रेम दुसऱ्या पुराच्या नावाने कुठे फिरतेय का तेही कळतं.

आणि यूट्यूबवर नाही मिळालं तर? पाथे आणि एपी या दोघांच्या स्वतःच्या वेबसाइटवर कॅटलॉग आहे, आणि तिथे साल टाकून गाळता येतं, चित्रीकरणाचं साल. इंटरनेट अर्काइव्हवरही सालाने शोधता येतं. या जागांचं पान दिसायला रुक्ष असतं, चित्रं नाचत नाहीत, आणि वस्तू नसली की शून्य दाखवतात. मला तो शून्य पाहून बरं वाटतं, खोटं नाही सांगत. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, तेव्हा जुन्या दुव्यांवर अडकू नका, महामंडळाकडे चौकशी करा. तुम्ही पुण्यातच असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. तिथे ग्रंथालयही आहे. ईमेल लिहिताना घटनेचं नाव, तारीख, शहराचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आणि 'घरगुती कार्यक्रमासाठी' एवढं चार ओळींत लिहा. लांब पत्र कुणी वाचत नाही.

तुमच्या जागी मी आणखी एक केलं असतं. सापडलेला मिनिटभराचा तुकडा आईला दाखवताना फोनचा कॅमेरा तिच्याकडे वळवून चालू ठेवला असता. ती फिल्म थांबवायला लावेल, 'हा आपल्या बोळाचा कोपरा' म्हणेल, किंवा 'हे पुणं नाहीच' म्हणेल, आणि तिचं म्हणणं कुठल्याही कॅटलॉगपेक्षा मी जास्त मानेन. ते पुढे यूट्यूबवर टाकावंसं वाटलं तर शीर्षकाला शंभर अक्षरं मिळतात. त्यात 'आईच्या आठवणी' लिहून जागा घालवू नका. 'पानशेत पूर १२ जुलै १९६१, नारायण पेठ, पुणे' असं लिहा, आणि वर्णनात तेच रोमनमध्ये, 'पूना' डबल ओ घालून.